जीपमागचं घर

माझा स्वभाव संशयी आहे आणि तो बदलावा असं मला कधी वाटलेलं नाही. अंबरनाथच्या शाळेत मी इतकी वर्षं शिकवलं, त्यात एक गोष्ट मात्र पक्की शिकले. खडू कोणी पळवला हे मुलांच्या तोंडाकडे बघून कळत नाही, पायांकडे बघून कळतं. खोटं बोलणाऱ्याचे पाय गप्प बसत नाहीत. त्यामुळे नवरा दर रविवारी सकाळीच जीप काढून बदलापूरला जायला लागला आणि 'कुठे?' म्हटलं की चपलेचा अंगठा फरशीवर घासत 'जरा काम आहे' म्हणायला लागला, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे मला लगेच कळलं.

काम काय, तेही त्याने सांगितलं होतं म्हणा. तो कारखान्यात फिटर. हाताला सतत काहीतरी खटपट लागायची. त्याच कारखान्यात त्याचा एक मित्र होता, बदलापूरच्या जुन्या शेतकरी घरातला. नदीकडच्या अंगाला त्यांचं मोठं अंगण अजून शिल्लक होतं. त्या अंगणात दोघांनी भंगारातून आणलेला दोन चाकांचा एक ट्रेलर उभा केला होता. जीपच्या मागे जोडायचा आणि गावी पत्रे-बित्रे न्यायचे, असं मला सांगण्यात आलं. महाडच्या पुढे डोंगरात यांचं गाव. डांबर संपल्यावर पुढचा रस्ता असा, की बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो. तेव्हा पत्र्यांसाठी ट्रेलर हवा, हे पटण्यासारखं होतं. पण पत्रे न्यायच्या ट्रेलरला आरसा कशाला लागतो?

आमच्या बेसिनवरचा आरसा एका रविवारी नाहीसा झाला. 'तडा गेला होता, टाकून दिला,' नवरा म्हणाला. त्याच आरशात बघून मी सकाळी टिकली लावली होती. तडा मला दिसला नव्हता. मग दोन स्टीलचे कप गेले. एक गेला असता तर मी म्हटलं असतं, नेला असेल चहा प्यायला. दोन गेले. आणि वरून हा माणूस घरी येताना गुणगुणत यायचा. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस विनाकारण गुणगुणत नाही.

पुढचं सांगण्याआधी महाडचं सांगायला हवं. जिथे आमच्या माणसांना पाण्याला हात लावू देत नव्हते, त्या चवदार तळ्यावर जाऊन ते एका दिवशी ओंजळीने पाणी प्याले. त्या दिवसाच्या आठवणीसाठी दरवर्षी मार्चमध्ये तिथे गर्दी लोटते. नवरा न चुकता जायचा आणि आल्यावर पाहुण्यारावळ्यांना एक गोष्ट न चुकता सांगायचा. 'माझी आई तळ्यावर जायची त्या दिवशी पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. ज्यांना पाणी मिळालं नाही त्यांच्या तहानेची आठवण म्हणून.' हे सांगताना तो रुमाल काढायचा. ऐकणारेही काढायचे. मी काढायचे नाही. सासूबाईंनी बौद्ध झाल्यावर सगळे उपासतापास सोडून दिले होते, मग हा एकच कुठून आला? पण आईच्या गोष्टीवर जगणाऱ्या मुलाची उलटतपासणी कोण घेणार? मी उठून चहा टाकायला जायचे.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सासूबाईंबरोबर महाडला गेले होते, ट्रकमधून. निघताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, 'पाणी बेतानं पी गं.' मला तेव्हा अर्थ कळला नाही, मी नेहमीसारखं पाणी प्याले. वाटेत ट्रक थांबला की पुरुष उतरायचे, रस्त्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि मोकळे होऊन, बिडी ओढून परत यायचे. आम्ही बायका फळीवर तशाच बसून. महाडात पोचलो तर इतक्या गर्दीत कुठे आडोसा म्हणून नाही. दुपारपर्यंत माझ्या पोटात अशा कळा यायला लागल्या की डोळ्यांपुढे अंधारी आली. तळ्याच्या पायऱ्यांवर पोचले, ओंजळीत पाणी घेतलं, आणि प्यायचं धाडसच झालं नाही. सोडून दिलं. ज्या पाण्यासाठी आमच्या माणसांनी डोकी फोडून घेतली, ते मी बोटांमधून सांडलं. त्याची लाज माझ्या मनातून कधी गेली नाही.

पुढे गावी गेलो तर तिथे त्याहून वाईट. बायकांनी जायचं ते उजाडायच्या आत, तांब्या घेऊन, विंचूकाट्यातून. एकदा उजाडलं की दिवस मावळेपर्यंत दम धरायचा. तिथून आल्यावर मी ठरवलं, पुन्हा नाही. दरवर्षी नवरा विचारायचा, 'येतेस?' आणि मी म्हणायचे, 'घर सोडून कशी येऊ?' हे कारण इतकं चांगलं होतं की दुसरं कोणी विचारलंच नाही. मला मात्र जायचं होतं. एकदा तरी त्या तळ्याचं पाणी प्यायचं होतं, सांडायचं नव्हतं.

तर आरसा गेला, कप गेले, आणि मग शर्ट धुताना खिशात जीन्सच्या कापडाचा तुकडा मिळाला, त्यावर खडूच्या खुणा. मी तो त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

'हे काय?'

'ते होय. ती बाई म्हणते, जीन्सचं कापड वर्षानुवर्षं फाटत नाही.'

'कोण बाई?'

'शिवणारी,' तो म्हणाला, आणि टेबलाखाली अंगठा घासल्याचा आवाज आला.

जीन्स म्हटल्यावर उल्हासनगर, हे सांगायला कोणी लागत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेले. तिथल्या गल्ल्यांमध्ये दारादारांतून शिलाई मशीनचा खडखडाट, निळ्या कापडाचे ढीग, रंगाचा वास. तुकडा दाखवत दाखवत मी तिसऱ्या-चौथ्या दुकानात पोचले. तिथे मशीनवर एक सिंधी बाई बसली होती. गोरीपान, हसरी, ओठांत टाचण्या धरून बोलणारी. तुकडा बघताच तिने टाचण्या काढून हातात घेतल्या.

'अच्छा, वो जीपवाले भाईसाब! बडे शौकीन आदमी हैं. बोले, परदे में चुन्नट डालो. गद्दे का कवर बडा, और तकिये दो.'

'दो?'

'हां जी, दो. अकेला आदमी दो तकिये का क्या करेगा?' असं म्हणून ती हसली. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, 'और आप कौन?'

'पाहुणी,' मी म्हटलं आणि बाहेर पडले.

घरी जाऊन सरळ विचारायला हवं होतं. सरळ उत्तरही मिळालं असतं बहुतेक. पण संशयी माणसाला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो. तो आठवडा मी नवऱ्याला गरम जेवण वाढलं, एक शब्द जादा बोलले नाही. त्याला काही कळलंसुद्धा नाही, गुणगुणणं चालूच. रविवारी तो निघून गेला आणि थोड्या वेळाने मी निघाले.

बदलापूरला पोचले तेव्हा भारनियमन सुरू होतं. त्या वर्षांत दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. सगळी आळी ओट्यांवर बसून पेपराने वारा घेत होती. मित्राच्या अंगणात मात्र पंखा फिरल्याचा आवाज येत होता, आणि तो घरातून नव्हे, ट्रेलरमधून. खाली बघितलं तर नवऱ्याचे दोन पाय ट्रेलरखालून बाहेर आलेले. मित्र शेजारी पाना धरून उभा. मित्राची बायको पडवीत भांडी घासत बसली होती. मला बघून मित्राच्या हातातून पाना पडला.

'वैनी! तुमी कशा आल्याव?'

नवरा घाईघाईने बाहेर सरकला आणि त्याचं डोकं स्प्रिंगच्या पाट्यावर आपटलं. मी त्याच्याकडे लक्ष न देता ट्रेलरभोवती एक फेरी मारली. तो पत्र्यांचा ट्रेलर नव्हता. जीपची मोठी चाकं लावून तो चांगला उंच केला होता, पाटे वाढवले होते, हादरे झेलायला शॉकअप बसवले होते, दगड लागू नये म्हणून पोटाखाली लोखंडी पत्रा मारला होता. वर छप्पर, बाजूला खिडकी, खिडकीला निळा चुणीदार पडदा. मागच्या कोपऱ्यात लाकडी खोक्यात ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणि जीपला जोडायच्या दांड्यातून पुढे आलेली जाड वायर, म्हणजे जीप चालली की त्या आपोआप भरणार. एवढं सगळं पत्र्यांसाठी!

मी आत चढले. मोठी गादी, दोन उशा. भिंतीला माझाच आरसा. खिळ्याला माझेच दोन कप. पंखा, दिवा, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, बटणं ओळीने लावलेली. मी पुरावा शोधत होते. केस, टिकली, बांगडीची काच, काहीही. मग माझ्या लक्षात आलं की माझे डोळे दुसरंच काही शोधताहेत. कुठल्याही नव्या घरात शिरले की शोधतात तेच. भाड्याची खोली असो, लग्नाचा हॉल असो, बाई आत शिरली की पहिल्यांदा बघते, मोरी कुठे आहे, जायचं कुठे. या गाडीत ती सोय नव्हती. आडोसा नाही, कोपरा नाही, नुसता पडदासुद्धा नाही.

म्हणजे या गाडीत बाईचं पाऊल पडलंच नव्हतं. कोणी आली असती तर पहिल्याच दिवशी तिने तेच विचारलं असतं. दुसरी कोणी नव्हती, याहून मोठा पुरावा मला नको होता. माझ्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. उलट मला असा राग आला की कानशिलं तापली, कारण त्या गाडीत पहिलीचाही विचार नव्हता.

नवरा दारात डोकं चोळत उभा होता. 'तुला आधी दाखवायची नव्हती. तू म्हणतेस ना, घर सोडून कशी येऊ? म्हटलं, मग घरच घेऊन जाऊ. मार्चला महाड, तिथून गाव. वीज नसली तरी दिवा आहे, पंखा आहे.' आणि मग जरा लाजून म्हणाला, 'उशी मऊ आहे का बघ.'

इतकी वर्षं मी टाकलेली एक थाप या भल्या माणसाने खरी मानली होती आणि तिच्यावर चाकं बसवली होती. मला हसावं की रडावं कळेना.

'आणि मी जायचं कुठे?' मी विचारलं.

'कुठे म्हणजे?'

'सकाळी उठल्यावर. वाटेत. महाडच्या गर्दीत. कुठे?'

मग मित्र समजुतीने म्हणाला, 'वैनी, रानान काय जागंला तोटा हाय?'

पडवीतला भांड्यांचा आवाज थांबला. 'तोटा हाय का नाय तं मना इचारा ना,' मित्राची बायको म्हणाली. मित्र पाना शोधायला खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

मी नवऱ्याला सरळ सांगितलं. कोपऱ्यात पत्र्याची खोली करा, आतून कडी लावा, रुग्णाला असते तशी मधे भोक असलेली खुर्ची आणि खाली झाकणाचा डबा ठेवा. हे ऐकून त्याचा चेहरा उतरला.

'डबा? आणि तो रिकामा कोण करणार?' तो हळू म्हणाला. 'गावची घाण काढायची नाही म्हणून माझे आजोबा रातोरात गाव सोडून आले. आता मी त्याच गावात डबा घेऊन फिरू?'

हे तो खरं बोलत होता. त्याचे पाय अगदी स्थिर होते. म्हणून मीही पहिल्यांदाच खरं सांगितलं. ट्रक, कळा, अंधारी, ओंजळीतून सोडलेलं पाणी, सगळं. मित्रासमोर, त्याच्या बायकोसमोर.

'आई इतक्या वेळा महाडला गेली,' नवरा म्हणाला. 'तिने तर कधी तक्रार केली नाही.'

सासूबाईंचं 'पाणी बेतानं पी गं' माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

पुढच्या रविवारी त्याने बॅटऱ्यांचा कोपरा मोकळा केला. अट एकच घातली, 'डबा मी उचलणार नाही.' मी म्हटलं, 'माझा मी उचलीन. तुम्ही कडी नीट बसवा.' बॅटऱ्या पुढे दांड्यावर गेल्या, वायरी नव्याने ओढल्या, त्यावर त्याची कुरकुर चालू होती. पण धरणाकडच्या कच्च्या रस्त्याला गाडी फिरवून आणल्यावर कुरकुर बंद झाली. आधी हा ट्रेलर जीपमागे शेपटीसारखा हलत होता. पुढे वजन आल्यावर तो खड्ड्यादगडांतून सरळ चालायला लागला. 'बॅटऱ्या तिथेच हव्या होत्या,' नवरा मित्राला म्हणाला, जणू त्यालाच आधीपासून माहीत होतं. मी ते तसंच राहू दिलं. आधी आम्ही दोघींनी आत जाऊन बघायला हवं, असं मित्राची बायको म्हणाली आणि कडी लावून, उघडून, पुन्हा लावून बघून आली.

मार्चमध्ये आम्ही गेलो. सकाळी निघताना मी मुद्दाम दोन कप चहा प्याले. वाटेत नवरा दर थोड्या वेळाने आरशातून मागे ट्रेलरकडे बघायचा आणि विचारायचा, 'थांबवू?' महाडला ओळखीच्या एकाच्या शेताच्या कडेला गाडी लावली. मी सांगितलेल्या जागी त्याने खड्डा खणून दिला आणि हात झटकले, म्हणजे त्याचं काम इथे संपलं.

मी आत जाऊन आले. दार उघडून उतरले तर समोर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई लेकीला घेऊन उभी. तिने माझ्या तोंडाकडे नाही, माझ्यामागच्या दाराकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, 'ताई, आत हाय का सोय?' मी बाजूला झाले. ती बाहेर आली तोवर आणखी चौघी आल्या होत्या. कोणी कोणाला सांगितलं देव जाणे, मी हात धुऊन वळले तर बांधापर्यंत रांग. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. डबा भरला तशी मी तो खड्ड्यात रिकामा करून आणला, तो पुन्हा भरला.

नवरा जीपला टेकून उभा होता. आता संशय त्याच्या डोळ्यांत होता.

'या सगळ्या तुझ्या ओळखीच्या?'

'एकही नाही.'

'मग इथे कशा?'

उत्तर रांगेतल्या एका म्हातारीने दिलं, काठीवर जोर देत. 'सकालधरनं पाण्याचा घोट नाय घेतला, बाबा. आता धीर निघत नाय.'

'आजी, आजचा उपास धरता तुम्ही?' नवऱ्याने विचारलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. त्याला आई आठवली होती.

म्हातारी खुदकन हसली. 'उपास? आपल्यात कसला रं उपास? मुतायला जागा नाय म्हून पाणी पीत नाय आमी बाया. तुझ्या आयेला इचार.'

तो दांड्यावर, बॅटऱ्यांच्या खोक्याशेजारी बसला. रांगेतल्या एकेकीकडे त्याने बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'आई पण?'

'हो.'

'तुला माहीत होतं?'

'संशय होता,' मी म्हटलं.

आतून कडी निघाल्याचा आवाज आला. डबा पुन्हा भरला होता. मी पुढे झाले तसा तो उठला, माझ्या हातातून त्याने डबा काढून घेतला, दुसऱ्या हातात फावडं घेतलं. 'तू तळ्यावर जा,' म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवेना. मी गेले.

पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतलं आणि प्याले. पुन्हा घेतलं, पुन्हा प्याले. वर येऊन स्वयंसेवकांच्या पिंपातला गार पाण्याचा आख्खा तांब्या घटाघटा संपवला. पाणी वाटणारा माणूस बघतच राहिला. मी रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

परत आले तेव्हा रांग संपली नव्हती. नवरा डबा धुऊन आत ठेवून आला होता आणि आमच्या दोन कपांपैकी एक भरून त्या म्हातारीपुढे धरून उभा होता. 'प्या, आजी,' तो म्हणत होता. 'भीती नाही आता. लागेल तेवढं प्या.'